सोलापुरात पहिला गेमिंग कन्सोल: खोकं उघडण्याआधी आणि नंतरचे आठ दिवस

कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र, घरी आला त्या संध्याकाळी आमच्याकडे कुणीही गेम खेळलं नाही. पाचला खोकं उघडलं. सव्वापाचला गल्लीतली चार पोरं दारात हजर, "काय बे, आला म्हणे!" आणि मग रात्री दहापर्यंत आम्ही सगळे मिळून टीव्हीवर डाउनलोडची एक पट्टी डावीकडून उजवीकडे सरकताना बघत बसलो. पोरं एकेक करून जेवायला निघून गेली. आठ वर्षांचा भाचा कंट्रोलर हातात धरूनच झोपला.

दुकानात हे कुणी सांगत नाही. व्हिडिओंमध्ये तर खोकं उघडलं की पुढच्या क्षणी माणूस खेळतच असतो. कन्सोल बनतो तो थंड, स्वच्छ, लाइट न जाणाऱ्या खोलीसाठी, आणि येतो आपल्या घरात. त्यामुळे पहिले आठ दिवस खेळण्याचे नसतात, यंत्राची आणि घराची ओळख करून देण्याचे असतात. माझ्याकडे सोनीचा प्लेस्टेशन ५ स्लिम (म्हणजे नंतर आलेला लहान आकाराचा) आहे, डिस्कवाला. आकडे त्याचे देतोय, बाकीचं कुठल्याही कन्सोलला लागू पडतं.

घेताना

प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला आला, तेव्हा किंमत होती ४९,९९० रुपये. स्लिम ५ एप्रिल २०२४ ला आला: डिस्कवाला ५४,९९० आणि बिनडिस्कचा, म्हणजे डिजिटल, ४४,९९०. भाव खालीवर होतात, सणासुदीला सूटही असते, तेव्हा आजचा भाव विचारून घ्या. डिस्क आणि डिजिटल यांच्या भावातला फरक बघून मन डळमळतं. माझं मत स्पष्ट आहे: डिस्कवालाच घ्या. नवी मोठी गेम चार-पाच हजारांच्या घरात जाते. डिस्क असली तर ती मित्राला देता येते, त्याची आणता येते, कंटाळा आला की विकता येते. डिजिटल गेम तुमच्या ऑनलाइन खात्याला चिकटलेली, ती कुणाला विकता येत नाही. शिवाय डिस्कवरून गेम टाकली की नेटवरचा भार बराच कमी होतो (सगळा नाही, ते पुढे येईलच). डिजिटल स्लिमला नंतर वेगळा डिस्क ड्राइव्ह लावता येतो, पण त्याला पैसे वेगळे आणि पहिल्यांदा जोडताना नेट लागतं.

एक्सबॉक्स सिरीज एस लहान आहे, स्वस्त आहे, पण त्याला डिस्कची खाचच नाही. घरी फायबर चांगलं असेल आणि खिशाचा विचार असेल तर वाईट नाही. निन्टेन्डो भारतात अधिकृतपणे विकला जात नाही, जे मिळतं ते बाहेरून आणलेलं, त्यामुळे बिघडलं तर जायचं कुठे हा प्रश्न.

बिल पक्कं घ्या, जीएसटीचं, आणि त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या. मला एका दुकानात आधी साध्या पॅडच्या कागदावर आकडा लिहून दिला होता. मी काउंटरवरून हललो नाही म्हणून दहा मिनिटांनी छापील बिल निघालं. वॉरंटीच्या वेळी तो पॅडचा कागद शेंगांची पुडी बांधायच्या कामाचा.

जागा आधी, यंत्र नंतर

कन्सोल आणायच्या आदल्या दिवशी हे काम उरका. कंपनीच्या माहितीपत्रकात वापराचं तापमान दिलंय ५ ते ३५ अंश. आता हे वाचून सोलापूरकर हसणारच. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे जातो आणि पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी पंख्याखालीसुद्धा पस्तीसच्या खाली उतरत नाही. म्हणजे दोन महिने दुपारचा खेळ यंत्राच्या नियमातच बसत नाही. तापमान फार वाढलं की कन्सोल स्क्रीनवर तसं सांगतो आणि बंद होतो. तेवढी अक्कल त्याला आहे, पण रोज तिथपर्यंत ताणायचं कशाला?

भिंतीपासून निदान दहा सेंटीमीटर अंतर ठेवा. हेही माहितीपत्रकातच आहे. आमच्या बायकोनं टीव्हीखालच्या शोकेसमध्ये काचेआड जागा करून ठेवली होती, शेजारी लग्नात आलेला चांदीचा गणपती. दिसायला झकास. पण गरम हवा मागून बाहेर फेकली जाते आणि काच बंद असली की तीच हवा फिरून परत आत जाते. वीस मिनिटांत पंख्याचा आवाज वाढला. गणपती तिथेच राहिला, कन्सोल शोकेसच्या वर आला.

दुसरी गोष्ट सुताची. पूर्व भागात, कापडाच्या यंत्रमागांच्या आसपास राहणाऱ्याला सांगायला नको. मागावरून उडणारी सुताची लव उंबऱ्यावर थांबत नाही. सकाळी पुसलेल्या टीव्हीवर संध्याकाळी बोटानं नाव लिहिता येतं. साधी धूळ यंत्राच्या जाळीत अडकते, पण ही लव एकमेकींत गुंतते आणि जाळीवर चक्क नमदा तयार होतो. म्हणून रस्त्याकडच्या खिडकीजवळ कन्सोल नको, जमिनीवर तर नकोच. दर पंधरा दिवसांनी बंद करून, वायर काढून, कोरड्या मऊ ब्रशनं जाळ्या झाडा किंवा व्हॅक्यूम हलक्या ताकदीवर फिरवा. तोंडानं फुंकर मारू नका, थुंकीचा ओलावा आत जातो. ओलं फडकं तर दूरच.

चादरीवर ठेवू नका. सोलापूरकराला हे वेगळं सांगावं लागतं, कारण आपल्या घरात फ्रिजपासून मिक्सरपर्यंत प्रत्येक वस्तूच्या खाली किंवा वर चादर, टॉवेल, नॅपकिन काहीतरी असतंच. खाली चादर असली की खालच्या फटी बुजतात. वर टॉवेल टाकायला हरकत नाही, उलट लव बसू नये म्हणून टाकाच, पण दोन अटी: यंत्र पूर्ण बंद असताना टाकायचा आणि सुरू करण्याआधी काढायचा. दुसरी अट पोरं विसरतात. मी टॉवेल मुद्दाम लालभडक घेतलाय.

कूलर असेल तर त्याचा झोत थेट यंत्रावर येऊ देऊ नका. खोली थंड होते हे खरं, पण तो ओला वारा असतो.

लाइटचं प्रकरण

आमच्याकडचा पहिला खरा अपघात दुसऱ्या रात्री झाला. कन्सोल बंद करायचे दोन प्रकार असतात: पूर्ण बंद, आणि रेस्ट मोड म्हणजे अर्धी झोप. अर्ध्या झोपेत केशरी दिवा लागलेला असतो आणि त्या वेळात तो गेम उतरवतो, कंट्रोलर चार्ज करतो. मी रात्री मोठी गेम डाउनलोडला लावली आणि झोपलो. सकाळी बघतो तर दिवा नाही, सुरू केल्यावर स्क्रीनवर तक्रार की यंत्र नीट बंद केलं नव्हतं, आणि डाउनलोड ३७ टक्क्यांवर अडकलेलं.

"आई, रात्री बोर्ड कुणी बंद केला?"

"मी. रोजच करते की. रात्रभर कशाला जळत ठेवायचं?"

"अगं, ते जळत नव्हतं, गेम उतरवत होतं."

"मग उतरली का?"

"नाही ना. तू बंद केलंस."

"मग आता दिवसा उतरव की. दिवसा मी काही म्हणत नाही."

रात्री झोपताना घरातली सगळी बटणं बंद करण्याची पद्धत मोडायला जाऊ नका, मोडणार नाही. कन्सोलला वेगळा पॉइंट द्या, टीव्हीच्या बोर्डावरचा नको, आणि त्या बटणावर चिकटपट्टी लावा. आमच्याकडे पट्टीवर लिहिलंय: "केशरी दिवा असेल तर हात लावू नये." आई आता आधी दिवा बघते.

लाइट मंदावते त्याची फार धास्ती घेऊ नका. पाण्याच्या दिवशी गल्लीत एकदम वीस मोटारी सुरू होतात आणि दिवे डोळे मिचकावतात. तेवढ्याला आतला पॉवर सप्लाय सहसा पुरून उरतो. वाईट असतं ते गेम सेव्ह होत असताना किंवा अपडेट चालू असताना लाइट अचानक जाणं. त्यासाठी कॉम्प्युटरचा ६०० व्हीएचा यूपीएस पुरतो. तो साधारण ३६० वॉट देतो. मोठी गेम चालू असताना कन्सोल दोनशे वॉटच्या आसपास खातो, मधल्या आकाराचा टीव्ही शंभरच्या आत-बाहेर. म्हणजे नीट बंद करायला काही मिनिटं हातात येतात. तेवढीच हवीत, लाइट नसताना खेळत बसायचं नाहीये. घराचा इन्व्हर्टर वापरणार असाल तर तो साइन वेव्हचा, म्हणजे घरातल्या लाइटसारखीच वीज देणारा, आहे का ते आधी बघा.

वळवाचा पाऊस, विजांचा कडकडाट सुरू झाला की मात्र वायर भिंतीतून काढा, नेटच्या डब्याचीसुद्धा. बटण बंद करून भागत नाही.

बिलाचा हिशोब घरी विचारला जाणारच, तयार ठेवा. कन्सोल आणि टीव्ही मिळून तासाला ०.३ युनिट. रोज दोन तास खेळलात तर महिन्याला १८ युनिट. तुमच्या स्लॅबचा दर लावा आणि आकडा सांगून टाका. मी सांगितला, विषय तिथेच मिटला.

जोडणी

जोडायला पाच मिनिटंही लागत नाहीत. टीव्ही आणि कन्सोल दोन्ही बंद असताना एचडीएमआय केबल लावा, खोक्यातलीच, घरातली जुनी नको. मग वीज. कंट्रोलर पहिल्यांदा केबलनंच जोडायचा आणि मधलं पीएस बटण दाबायचं, पुढे तो बिनवायरचा चालतो. स्लिम आडवा ठेवायला प्लास्टिकचे दोन छोटे पाय खोक्यात असतात. ते पारदर्शक आहेत, पिशवीसकट कचऱ्यात जातात. आमचे गेले होते, शोधून काढले. उभा ठेवायचा स्टँड वेगळा विकत घ्यावा लागतो. आडवाच ठेवा, पोरांच्या घरात उभी वस्तू पडते.

टीव्ही जुना असला तरी चालतो, फक्त एचडीएमआय हवं. फोर-के टीव्ही नाही म्हणून थांबू नका. पण टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन गेम मोड सुरू करा. नाहीतर टीव्ही प्रत्येक चित्र साजरंगोजरं करून मग दाखवतो आणि तुम्ही बटण दाबल्यावर माणूस उडी मारतो तो अंमळ उशिरा. नव्या माणसाला वाटतं आपल्यालाच जमत नाही. आमच्या शेजारच्या अण्णांनी दोन दिवस स्वतःच्या वयाला दोष दिला, दोष टीव्हीचा होता.

पहिली संध्याकाळ: खाती, अपडेट आणि वाट बघणं

सुरू केल्यावर भाषा, नेट, मग यंत्राचं स्वतःचं अपडेट. ते होऊ द्या. खातं काढताना देश भारतच निवडा. नंतर बदलता येत नाही, आणि दुसऱ्या देशाचं खातं काढलं तर इथल्या रुपयांतली खरेदी अडते. जन्मतारीख खरी घाला. पोरासाठी स्वतःच्या खात्याखाली वेगळं मुलाचं खातं काढा. त्यात किती वेळ खेळायचं, महिन्याला किती खर्च करता येईल हे बांधून देता येतं. खर्चाची मर्यादा शून्य ठेवा. कार्डाची माहिती यंत्रात साठवायची असेल तर प्रत्येक खरेदीला पासवर्ड विचारेल असंही करून ठेवा. हे पहिल्याच दिवशी करा, कारण नंतर केलं की पोराला शिक्षा वाटते.

आता नेट. मोठी गेम १०० जीबीपर्यंत जाते. १०० एमबीपीएसचं कनेक्शन पूर्ण वेगानं चाललं तर सव्वादोन तास, ४० चं असेल तर साडेपाच. मोबाइलच्या रोजच्या दोन जीबीवर उतरवायची म्हटली तर पन्नास दिवस. म्हणजे मोबाइल हॉटस्पॉटवर कन्सोल चालवायचा विचार सोडा, फार तर खातं उघडण्यापुरता. डिस्कवाल्या गेममध्येही डिस्कवरचा माल आधी यंत्रात उतरतो आणि वर अपडेट येतात, काही वेळा तेच भरपूर मोठे. जुन्या पेठांतल्या वाड्यांच्या भिंती दीड-दीड फूट, वाय-फाय त्यांतून धापा टाकतच येतं. केबलवाल्याकडून दहा मीटर लॅनची वायर ओढून घ्या. शे-दोनशे रुपयांचं काम, फरक लगेच दिसतो.

म्हणून माझा सल्ला: कन्सोल शुक्रवारी रात्री आणा, पोरांना शनिवार संध्याकाळ सांगा.

पहिली गेम

पाच हजारांची गेम सोबत आणू नका. प्लेस्टेशन ५ मध्ये अ‍ॅस्ट्रोज प्लेरूम आधीच टाकलेली असते, फुकट. पांढरा छोटा यंत्रमानव इकडेतिकडे पळतो, एवढंच. पण कंट्रोलर काय करू शकतो हे ती गेम हातात सांगते. वाळूवरून चालला की हाताला वाळू लागते, धातूवरून चालला की टणटण, बर्फावर घसरला की वेगळीच सरसर. मागची बटणं काही ठिकाणी दाबायला जड होतात, जणू आत स्प्रिंग ताणलीय. एका ठिकाणी माइकवर खरोखरची फुंकर मारावी लागते.

आमच्या आप्पांनी तीस वर्षं माग चालवले, आडवा धागा नेणारा धोटा ज्यात पळतो ते. "असलं काय मला कळत नाही," म्हणत लांब बसले होते. भाच्यानं कंट्रोलर त्यांच्या हातात कोंबला. आप्पांनी स्क्रीनकडे बघितलंच नाही. डोळे मिटून दोन मिनिटं तो नुसता धरून बसले. मग म्हणाले, "धोटा अडकायच्या आधी मागाचा आवाज बदलतो. पण त्याच्याही आधी हाताला कळतं. तसं आहे हे." आणि परत दिला. आता रोज संध्याकाळी तो यंत्रमानव वाळूवर कुणी नेला की विचारतात, "वाळू आली काय?"

नव्या माणसाला सगळ्यांत अवघड जाते ती कंट्रोलरवरची उजवी काडी (अंगठ्यानं फिरवायची), म्हणजे नजर वळवायची. डाव्यानं चालायचं, उजव्यानं बघायचं. पहिले दोन दिवस प्रत्येकजण आढ्याकडे बघत भिंतीत शिरतो. हसू नका. वर-खाली उलटं वाटत असेल तर सेटिंगमध्ये फिरवता येतं. अडचण-पातळी सोपी ठेवा, त्यात कमीपणा नाही. मळमळलं तर थांबा, पंख्याखाली बसा, दुसऱ्या दिवशी पंधरा मिनिटं.

घरातली दोन-तीन पथ्यं

कंट्रोलरमध्ये माइक असतो आणि तो उघडाच असतो. हे मला कळलं ते असं की ऑनलाइन मॅचमध्ये, ऐन मोक्याला, आईनं स्वयंपाकघरातून हाक मारली, "भाकरी कडक व्हायलीय रे!" आणि पलीकडून कुठल्यातरी अनोळखी पोरानं विचारलं, "भाई, क्या कड़क है?" कंट्रोलरच्या मधोमध माइकचं बटण आहे. दाबलं की केशरी उजेड येतो, म्हणजे तोंड बंद. दाबूनच ठेवा. ऑनलाइन खेळायला बहुतेक विकतच्या गेमना वर्गणी लागते. फोर्टनाइटसारख्या फुकट गेमना लागत नाही, तेव्हा वर्गणी पहिल्या महिन्यात घेऊ नका.

शेंगाचटणी. हात धुतल्याशिवाय कंट्रोलर द्यायचा नाही. तेल आणि शेंगांचा बारीक कूट काड्यांच्या बुडाशी जाऊन बसतो आणि मग काडी सोडली तरी माणूस आपोआप चालत राहतो. आमच्या एका कंट्रोलरची एक काडी अजून किंचित डावीकडे ओढते, तिला भाचा "चटणीची बाजू" म्हणतो.

जागा लवकर भरते. खोक्यावर १ टीबी लिहिलंय, पण वापरायला साडेआठशे जीबीच्या आतच मिळतात, म्हणजे मोठ्या आठेक गेम. खेळून झालेली काढून टाका, सेव्ह राहतं. जुनी यूएसबी हार्ड डिस्क लावली तर प्लेस्टेशन ५ च्या गेम तिथे साठवता येतात, पण तिथून खेळता येत नाहीत. खेळताना परत आत आणाव्या लागतात. प्लेस्टेशन ४ च्या मात्र तिथूनच चालतात. आत एसएसडी, म्हणजे जास्तीची साठवण, वाढवायची खाच आहे, पण वर्षभर तरी तिकडे बघू नका.

मे महिना

दुपारी बारा ते सहा आमच्याकडे कन्सोल बंद. वाद नाही, सूट नाही, पाहुणे आले तरी नाही. भाच्यानं त्यावर तोडगा काढला. सुट्टीत तो सकाळी साडेसहाला उठतो, हात धुतो, लाल टॉवेल काढून घडी घालतो आणि खेळायला बसतो. शाळेसाठी हा पोरगा कधी सातच्या आत उठला नव्हता. साडेआठला उन्हं खिडकीत आली की मी पूर्ण बंद करतो, केशरी दिवा गेला का बघतो, वायर काढतो, यंत्र गार व्हायला अर्धा तास देतो आणि मग टॉवेल परत टाकतो.